हॉपर गनने मारलेला बाहेरचा गिलावा: आठ महिने आणि अर्ध्या पावसाळ्यानंतर

हॉपर गन म्हणजे हवेच्या दाबाने गिलाव्याचा माल भिंतीवर उडवणारं यंत्र. ते साधंच आहे. स्टीलचा हॉपर (माल भरायचं भांडं), पुढे चार तोंडं, मागे हवेची चार बारीक भोकं, जोडीला ३ एचपीचा सिंगल फेज कॉम्प्रेसर आणि १०० लिटरची टाकी. काम नोव्हेंबर ते जुलै, विटांच्या आणि एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे ब्लॉक; साइटवर सगळे त्याला सिपोरेक्सच म्हणतात) बाहेरच्या भिंतींवर. खालचा थर आणि वरचा दाणेदार थर, दोन्ही याच गनने.

निकाल आधीच सांगतो: गन घेण्यासारखी आहे. माल जोरात आदळत असल्यामुळे भिंतीला घट्ट धरतो. पण भिंतीवर जे दोष निघाले, त्यांतले बहुतेक गनचे नव्हते. माल सरसर निघावा म्हणून घातलेलं जास्तीचं पाणी आणि भलत्याच जागी थांबवलेलं काम, या दोन गोष्टींनी सगळ्यात जास्त नुकसान केलं.

पाणी का घातलं जातं? माल अडकतो म्हणून. आणि माल अडकतो वाळूमुळे. क्रश सँडमध्ये (दगड फोडून केलेल्या वाळूत) एकतर जाड कण जास्त असतात, नाहीतर पूड जास्त असते. जाड कण तोंडात बसतात. पूड पाणी पिते आणि सुकताना आकसून भिंतभर जाळीसारख्या बारीक भेगा पाडते. वाळू २.३६ मिमीच्या चाळणीतून काढायचीच. पुडीसाठी आयएस १५४२ (गिलाव्याच्या वाळूचं भारतीय मानक) ची मर्यादा वजनाने ५ टक्के आहे. साइटवर काचेच्या बरणीत वाळू, पाणी आणि चिमूटभर मीठ घालून हलवा आणि तीन तास ठेवा. बरणीत वजन नाही, थराची उंची दिसते, त्यामुळे हा फक्त अंदाज. पण वरचा गाळाचा थर वाळूच्या ८ टक्क्यांवर गेला तर ती वाळू धुतल्याशिवाय वापरू नये.

पाणी वाढवण्याऐवजी चुना घाला. १ सिमेंट, १ हायड्रेटेड (आधीच विरवलेला, पूड केलेला) चुना, ६ वाळू हे प्रमाण गनला सर्वांत मानवलं. सिमेंटची ५० किलोची गोणी म्हणजे साधारण ३५ लिटर. त्याच मापाचा फर्मा करून घ्या, घमेल्याने मोजू नका. घमेलं कोण भरतंय त्यावर माल बदलतो. थापीवर माल घेऊन थापी तिरपी केली की तो हळूच सरकला पाहिजे, ओघळायला नको. कालवलेला माल तासाभरात संपवायचा. घट्ट झाला म्हणून पुन्हा पाणी मारलं, तर त्या पट्ट्यातून नंतर हाताला पांढरी पूड लागते.

आता पट्टे. लांबून पाहिलं तर भिंतीवर एक फूटभर दाट आणि पुढे विरळ असे आडवे पट्टे दिसतात. गवंडी म्हणतो हात हलला. हात क्वचितच हलतो, हवा बसते. ३ एचपीचा कॉम्प्रेसर सलग मारताना मागे पडतो: ६ बारवरून दाब ४ च्या खाली आला की दाणा बदलतो आणि मारणाऱ्याला ते कळतही नाही. गेज टाकीवर असतो. दुसरा गेज गनच्या जवळ बसवा आणि काटा ४ वर आला की हात थांबवा. होज अर्ध्या इंचाची घ्या. सोबत मिळते त्या बारीक होजमध्ये २० मीटरवर दाब बराच पडतो. टाकीतलं पाणी रोज संध्याकाळी काढून टाका, नाहीतर ते हवेबरोबर भिंतीवर येतं आणि तिथे मालाचा ओला डाग राहतो.

जाडी. खालच्या थराला गन भिंतीपासून १० ते १५ सेंमी, एका फेरीत ८ ते १० मिमी, त्याहून जास्त नाही. यंत्र एका दमात २० मिमी चढवतं, आणि तीच त्याची वाईट खोड आहे: माल स्वतःच्या वजनाने पोट काढतो, आतून सुटतो आणि दोन महिन्यांनी ठोकलं की बद्द वाजतो. पहिला थर घट्ट होऊ द्या, त्यावर आडव्या रेघा ओढा, दुसरा थर दुसऱ्या दिवशी. दाणेदार थरासाठी अंतर ४० ते ५० सेंमी आणि माल किंचित सैल. विटांची भिंत आदल्या संध्याकाळी भिजवायची. ब्लॉकची मात्र भिजवू नये, नुसती ओलसर करून आधी १:३ चा पातळ, खरखरीत सिमेंट-वाळूचा शिंपडा मारायचा. काँक्रीट आणि भिंत जिथे भेटतात तिथे काँक्रीटवर टाचे (टोचून केलेल्या खुणा) मारा आणि चिकन मेश (बारीक तारेची जाळी) लावा. हे गनवर सोडू नका, ती जाळी लावत नाही.

थांबायची जागा काम सुरू करण्याआधी ठरवा. परांचीच्या एका मजल्यावर संध्याकाळ झाली म्हणून थांबलात, तर ती रेघ भिंत असेपर्यंत दिसणार. कोपरा, खाच, छज्जाची खालची कड, पावसाळी पाइपची मागची बाजू, इथेच थांबायचं. मधे खाच नसेल तर १० मिमीची पट्टी ठोकून मुद्दाम करा. परांचीची भोकं बुजवायला त्याच मालाचा थोडा कोरडा साठा (पाणी न घातलेला) बाजूला ठेवा.

दुरुस्तीचा अनुभव संमिश्र. जाळीसारख्या भेगा नखाने न उचकटणाऱ्या आणि ठोकून भरीव वाजणाऱ्या असतील तर हात लावू नका. महिनाभर वाळू द्या, मग इलास्टोमेरिक (ताणला जाणाऱ्या) रंगाचे दोन हात. ०.५ मिमीहून रुंद आणि सरळ रेषेत जाणारी भेग वेगळी: ती चिकन मेशच्या जागेची किंवा काँक्रीट-भिंतीच्या सांध्याची असते, नुसता रंग मारला तर पुन्हा उघडते.

बद्द वाजणारा भाग हातोडीच्या दांड्याने ठोकून खडूने आखा. आखणीच्या बाहेर ५ सेंमी भरीव गिलाव्यात कटरने चौकोनी कापा, कडा आत तिरप्या करा, पाणी मारा, एसबीआरचा (नवा माल जुन्याला चिकटवणाऱ्या रबरी द्रावणाचा) पातळ हात देऊन तो ओला असतानाच माल भरा, १० मिमीच्या थरांत. वर फवारताना कडेला मास्किंग टेप लावू नका, सरळ चौकोन उठून दिसतो. पुठ्ठ्याची फाटकी कड हातात धरून सरकवत मारा. आधी दोन बाय दोन फुटांच्या प्लायवर नमुना मारून सुकवून बघा. ओल्यात जुळलेला दाणा सुकल्यावर जुळेलच असं नाही, आणि रंग तर कधीच जुळत नाही: ठिगळ वेगळं दिसतंच. रंग मारायचा नसेल, तर ठिगळाऐवजी खाचेपासून खाचेपर्यंतचा पूर्ण पट्टा पुन्हा मारा. महाग पडतं, पण दिसत नाही.

पांढरे डाग कोरड्या ब्रशने झाडा. पाणी मारलं तर लोणा (भिंतीतला क्षार) विरघळून आत जातो आणि वाळताना पुन्हा बाहेर येतो. झाडून दर पंधरवड्याने परत येत असेल तर भिंतीत पाणी कुठून शिरतंय ते शोधा. बहुतेक वेळा छज्जावरून किंवा पॅरापेटवरून (गच्चीच्या कठड्यावरून). जुलैत पश्चिमेच्या भिंतीवर हेच झालं, पॅरापेटचा माथा आत उताराने केला नव्हता.

भिंतीत क्वचित बोटभर खड्डे उडतात, तळाशी पांढरा ठिपका असतो. तो न विरलेल्या चुन्याचा खडा. चुना पिशवीतला हायड्रेटेडच घ्या, गोण्यांतला खडेवाला नको. खड्डे तेवढ्यापुरते भरून टाका.

क्युरिंग (गिलावा ओला ठेवणं) २४ तासांनी सुरू, सात दिवस, तुषाराने. पाइपची धार पहिल्या दिवशी मारली तर दाणा धुऊन निघतो. रंग २८ दिवसांनंतर.

देखभालीत एकच गोष्ट कटकटीची: हवेची भोकं. काम थांबलं की लगेच हॉपर पाण्यात बुडवून हवा सोडा आणि रोज संध्याकाळी २.५ मिमीची तार प्रत्येक भोकातून फिरवा. एक भोक बुजलं की त्या बाजूचा माल कमी पडतो आणि भिंतीवर उभी विरळ रेघ येते. ती रेघ दिसली की पहिल्यांदा गन बघा, मारणाऱ्याला बोलू नका. ओ-रिंग (गनमधल्या रबरी कड्या) दोन जादा घेऊन ठेवा. आणि चष्मा. सिमेंटचा उडालेला कण डोळ्यात गेला तर त्या दिवशीचं काम तिथेच संपतं.