पाणी रंगवायला शिकायचंय, तर आधी मोने का रेन्वार?

नदीचं पाणी रंगवायला शिकायचं तर एखादं चांगलं चित्र समोर ठेवून त्याची कॉपी करावी, याच्याइतका चांगला क्लास मला तरी माहीत नाही, पण कुठलं चित्र घ्यायचं इथंच गाडी अडते. माझ्या मते एक जोडी अशी आहे की ती शेजारी शेजारी उघडून बघितली की निम्मं शिकून होतं. १८६९ च्या उन्हाळ्यात क्लोद मोने आणि रेन्वार हे दोघं फ्रेंच चित्रकार मित्र, दोघंही २८ वर्षांचे, पॅरिसजवळ सीन नदीवर ला ग्रनुयेर म्हणून जागा होती तिथं एकत्र चित्रं काढायला बसले. नावाचा अर्थ बेडकांचं डबकं. पोहायची आणि होड्या भाड्याने घ्यायची जागा, पाण्यावर तरंगणारं हॉटेल, मध्ये एकच झाड असलेलं इवलंसं गोल बेट आणि त्यावर जायला लाकडी फळी, पॅरिसचे लोक सुट्टीला ट्रेनने यायचे तिथं. दोघांचे हाल चालले होते, रेन्वार घरून पाव घेऊन मोनेकडे जायचा अशी परिस्थिती, आणि इम्प्रेशनिस्टांचं, म्हणजे क्षणाचा प्रकाश पटकन टिपणाऱ्या त्यांच्या गटाचं, पहिलं प्रदर्शन अजून ५ वर्षं लांब होतं.

मोनेचं चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये, रेन्वारचं स्टॉकहोमच्या नॅशनल म्युझियममध्ये. जागा तीच, बेट तेच, ऊन जवळपास तेच, आणि तरी पाणी अगदी वेगळं.

आधी मोनेचं बघा. पुढे बांधलेल्या रिकाम्या होड्या, आणि त्यांच्या आसपासचं पाणी म्हणजे नुसते आडवे पट्टे, रुंद चपट्या ब्रशने दिलेले, जाड रंगाचे. झूम केलं तर मोजून तीन जाती सापडतात, एक गडद हिरवट तपकिरी, एक पिवळसर ओकर (मातकट पिवळा), एक पांढरट निळा. बस्स. मला हे बरेच दिवस कळत नव्हतं की एवढ्यावर पाणी हलतंय असं का वाटतं, मग मेणवलीच्या घाटावर कृष्णेकडे तासभर नुसतं बघत बसले तेव्हा उलगडलं. लाट म्हणजे छोटा उतार असतो, तिची एक बाजू आभाळ दाखवते आणि दुसरी समोरची झाडं, म्हणजे पाण्याला स्वतःचा रंग फार थोडा, बाकी सगळी उसनवारी. मोनेने नेमकं तेवढंच रंगवलंय, फिका पट्टा म्हणजे आभाळाची बाजू, गडद पट्टा म्हणजे झाडांची, आणि दोन्ही एकमेकांत मिसळू दिले नाहीत. शिवाय पुढचे पट्टे लांब रुंद, मागे जाल तसे बारीक आणि दाट, त्यामुळे एक रेघ न मारता पाणी आडवं पसरून लांब जातं. ब्लेंडिंग करून करून पाण्याचा चिखल झालेला ज्यांना माहितीये (माझे कितीतरी कॅनव्हास असे गेलेत) त्यांच्यासाठी हे चित्र म्हणजे औषध आहे.

आता रेन्वार. तो त्याच जागेवर जणू दोन पावलं पुढे गेलाय, बेटावरची माणसं मोठी झालीत, बायकांचे पांढरे झगे, टोप्या, पानांतून खाली झिरपणारं ऊन. त्याचा ब्रश हलका, पिसासारखा, छोटे छोटे फटकारे, आणि पाणी चंदेरी, मऊ, कडा विरघळलेल्या. मोनेची माणसं म्हणजे दोन चार डाग, रेन्वारची माणसं मात्र गप्पा मारतायत. बघायला मला रेन्वारचं जास्त गोड वाटतं, खरंच, हॉलमध्ये प्रिंट लावायची असेल तर डोळे झाकून तेच घ्या. पण शिकायला ते अवघड आहे, कारण त्याचा प्रकाश माणसांवर आणि कपड्यांवर खेळतो आणि पाणी त्याचा पडसाद देतं, कॉपी करताना कुठला फटकारा कशासाठी आहे ते नवशिक्याला पकडता येत नाही, सगळं लोण्यासारखं होऊन बसतं. ज्यांना पुढे माणसं, घाटावरची गर्दी, झाडाखालची सावली करायचीय त्यांनी हे दुसऱ्या नंबरला नक्की करावं, पहिलं नको.

मापाचाही फायदा मोनेकडेच. मूळ चित्र ७४.६ बाय ९९.७ सेंमी, म्हणजे आपल्याकडे मिळणारा १२ बाय १६ इंचाचा कॅनव्हास बोर्ड अगदी फिट बसतो, काही कापायला लागत नाही. रेन्वारचं साधारण ६६ बाय ८१, त्याला १६ बाय २० जवळचं.

ऑइल की ॲक्रिलिक हा प्रश्न येतोच. मोनेच्या पट्ट्यांना ॲक्रिलिक छान चालतं, उलट पटकन वाळतं म्हणून रंग मिसळायची भीती कमी, फक्त पाणी घालून पातळ करू नका. रेन्वारच्या विरघळलेल्या कडांना ओला रंग हवा, तिथं ऑइलच घ्या, एप्रिल मेच्या उन्हाळ्यात तर ॲक्रिलिक पॅलेटवरच वाळून जातं. ब्रश मोनेला चपटा, आणि तुम्हाला वाटतो त्यापेक्षा एक साइझ मोठा.

मेट्रोपॉलिटनच्या साइटवरून मोनेचं चित्र मोठ्या साइझमध्ये फुकट डाउनलोड होतं. आधी ते छोटं करून लांबून बघा, मग खालचा होड्यांचा भाग स्क्रीनभर करा. पहिल्या दिवशी फक्त होड्यांच्या पुढचं पाणी करायचं, तीन रंग आधीच कालवून ठेवायचे, पट्टा एकदा दिला की त्याला परत हात लावायचा नाही, बाकी बोर्ड कोरा राहिला तरी राहू दे.