सेकंड हँड फोर बाय फोर घेताय? आधी गाडीखाली शिरून पाहा

काळ्या मातीत वावर असणाऱ्यांनी आणि जुनी फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद जाणारी गाडी) पाहून राहिलेल्यांनी हे वाचाच. माझे 5,85,000 अडकले आहेत आणि डोकं अजून तापलेलंच आहे.

आमच्याकडे, यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या बाजूला, पाऊस लागला की पांदण रस्ता म्हणजे नुसता चिखल, ट्रॅक्टरशिवाय वावरात पोचणं होत नाही, म्हणून फोर बाय फोर पाहिजे होती, शौक म्हणून नाही. दोन गाड्या पाहिल्या. वर्ध्याच्या एका रिटायर्ड मास्तरांची 2015 ची सफारी स्टॉर्म, 4,90,000. नागपूरच्या एका डीलरकडची 2016 ची स्कॉर्पिओ, 6,40,000 सांगून 5,85,000 ला तुटली. मास्तरांनी न सांगता गाडी नांगरलेल्या वावरात घातली अन् फोर लो (चारही चाकांना हळू पण जोरात ओढणारा गिअर) टाकून बाहेर काढून दाखवली. तरी मी स्कॉर्पिओ घेतली, कारण स्टॉर्म 2019 लाच बंद झाली, पार्टसाठी नागपूरच गाठावं लागते, अन् स्कॉर्पिओचा मिस्त्री तालुक्यात कुठंही भेटतो. हा हिशोब मला आजही बरोबरच वाटतो. विकणारा हरामखोर निघाला.

त्याला म्हटलं, फोर बाय फोर चालवून दाखवा. तर म्हणे, "भाऊ, डांबरीवर फोर लो टाकू नका, ट्रान्सफर केस बसते." ट्रान्सफर केस म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरबॉक्स. आता हे खरंच आहे! या गाड्यांत मधला डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीनं फिरू देणारा गिअर) नसतो, कोरड्या डांबरीवर वळताना पुढची-मागची चाकं एकमेकांना ओढतात अन् सगळा लोड गिअरवर येतो. मला हे माहीत होतं म्हणून तर मी ऐकलं. पण यार्डाच्या मागं रिकामा प्लॉट होता, ओली माती. तिथं घाला म्हटलं तर "आत्ताच धुतली भाऊ, दुसरी पार्टी येऊन राहिली." तिथंच, त्या वाक्यालाच उठून निघायला पाहिजे होतं. पण त्यानं नॉब फिरवला, मीटरमध्ये फोर बाय फोरचा लाइट लागला, यावर कोणाचाही विश्वास बसला असता.

पहिल्याच पावसात पांदणीत फसली. लाइट लागलेला, मागची चाकं चिखल उडवून राहिली, पुढची जागची हलत नाहीत. मिस्त्रीनं रॅम्पवर घेतली तर पुढचा प्रोपेलर शाफ्टच (पुढच्या चाकांकडं ताकद नेणारा दांडा) गायब, फ्लँजची बोल्टाची भोकं रिकामी अन् त्यावर काळा पेंट मारलेला. पुढचा डिफरन्शियल आवाज करत होता म्हणून यांनी शाफ्टच काढून टाकला. तो लाइट फक्त ट्रान्सफर केसचं सांगतो, पुढं शाफ्ट आहे का नाही ते त्याला कळत नाही. खर्च सांगितला 92,500. मोबाइलचा टॉर्च घेऊन दोन मिनिटं खाली वाका, दोन शाफ्ट मोजा, एक पुढं, एक मागं.

आता ऐका. आमच्या ठाण्यात म्हणे व्यवहार नागपूरचा, तिकडंच जा. 1 जुलै 2024 पासून बीएनएसएसच्या (नवा फौजदारी प्रक्रिया कायदा) कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठंही घडला तरी कोणत्याही ठाण्यात तक्रार घ्यावी लागते, हे सांगितलं तर साहेब म्हणे "मला कायदा शिकवता का". नागपूरच्या ठाण्यात, हे सिव्हिल मॅटर आहे. आरटीओत, ट्रान्सफर झालं, आमचा संबंध नाही. अरे मग संबंध कोणाचा आहे? एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागते, याच्याकडे आहे का एवढं तरी पाहा म्हटलं, तर लेखी अर्ज द्या. दिला. पोच सुद्धा शिक्का न मारता हातात ठेवली. तुम्ही तरी टोकन देण्याआधी ते पत्र मागा.

अन् कॅश देऊ नका. 2,35,000 त्यानं रोख घेतले, पावती फक्त बँकेतून गेलेल्या 3,50,000 ची. 500 च्या स्टॅम्पपेपरवर "गाडी पाहून, तपासून घेतली" असं छापलेलंच असते, त्याच्याखाली "फोर बाय फोर चालू स्थितीत" हे हातानं लिहून त्याची सही घ्या. नाही म्हटला तर उठा.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, पण मुदत दोनच वर्षांची, पोलिसांच्या भरवशावर ती घालवू नका. मास्तरांची स्टॉर्म वणीच्या एका कास्तकारानं नेली.