बोटातला थेंब, परदेशातली लॅब: ओमेगा-३ इंडेक्सच्या घरपोच किटचा अनुभव

शैवालतेलाच्या कॅप्सूल मी बरेच महिने घेत होते. पैसे जात होते हे नक्की; रक्तात काही पोचतंय का, याचा पत्ता नव्हता. ते सांगणारी तपासणी म्हणजे ओमेगा-३ इंडेक्स. तांबड्या पेशींच्या आवरणातल्या एकूण मेदाम्लांपैकी (फॅटी अ‍ॅसिड) ईपीए आणि डीएचए ही दोन ओमेगा-३ मेदाम्लं मिळून किती टक्के, एवढंच ती मोजते. विल्यम हॅरिस आणि क्लेमेन्स फॉन शॅकी यांनी २००४ मध्ये ही कल्पना मांडली. ८ टक्के किंवा वर असेल तर उत्तम, ४ च्या खाली असेल तर कमी, असा त्यांचा हिशेब. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये हे येत नाही.

ज्या लॅबमध्ये विचारलं तिथे "होईल की" म्हणाले. खोदून विचारल्यावर कळलं की नमुना तेही परदेशीच पाठवणार, शीतपेटीतून, आणि मधल्या एजन्सीचं कमिशन वेगळं. थेट परदेशी लॅबकडून किट मागवलं तर जाण्या-येण्याचं टपाल धरूनही निम्म्याहून कमी खर्च येत होता. मागवलं.

हे स्वस्त पडतं त्याला कारण आहे ते कागदाचं कार्ड. रक्ताचे थेंब टिपकागदावर वाळवून तपासण्याचं तंत्र रॉबर्ट गथ्री यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला नवजात बाळांच्या चाचणीसाठी रुळवलं, तेच हे. द्रव रक्त विमानाने पाठवायचं तर यूएन ३३७३ चं लेबल (तपासणीच्या जैविक नमुन्यांचा वाहतूक-क्रमांक), न गळणारी नळी, भोवती शोषक कापूस, त्यावर दुसरं आवरण आणि बाहेर टणक खोका लागतो. गोठवून पाठवायचं तर कोरड्या बर्फाचे नियम आणखी वेगळे. वाळलेल्या थेंबांना हवाई वाहतुकीच्या धोकादायक मालाच्या नियमांतून सूट आहे, त्यामुळे पाकीट साध्या टपालाने जातं. खर्चातला मोठा फरक इथे पडतो, लॅबच्या औदार्यामुळे नाही.

किट नीटनेटकं. दोन लॅन्सेट (बोट टोचायच्या सुया), अल्कोहोलचा बोळा, गोल छापलेलं कार्ड, ओलावा शोषणारी पुडी, फॉइलची पिशवी, बारकोड. या कार्डावर आधीच अँटिऑक्सिडंट लावलेलं असतं, कारण ही मेदाम्लं हवेत लवकर खराब होतात. सूचना चांगल्या आहेत, पण मुख्य गोष्ट बारीक अक्षरात: हात कोमट पाण्यात धरून गरम करा. तेवढं केलं की बोट पिळावं लागत नाही. अंगठ्याने दाबून दाबून काढलेल्या रक्तात पेशींबाहेरचं पाणी मिसळतं आणि नमुना पातळ होतो. टोचायचं बोटाच्या कडेला, पेराच्या मधोमध नाही. पहिला थेंब पुसायचा, पुढचा मोठा थेंब गोलात आपोआप पडू द्यायचा. भरलेल्या गोलावर पुन्हा थेंब टाकायचा नाही. मग कार्ड काही तास सपाट, उन्हापासून लांब वाळवायचं. घाई म्हणून हेअरड्रायर लावू नये.

टपालाच्या काउंटरवर "रक्त" म्हटल्यावर चेहरे बदलतात. लॅबने पाकिटात एका ओळीचं पत्र घातलं होतं की हा वाळलेला, संसर्गाचा धोका नसलेला नमुना आहे. ते पुढे केलं आणि काम झालं. पत्र नसतं तर मी कुरिअरकडे गेले असते आणि तिथे तपासणीपेक्षा पाठवणंच महाग पडलं असतं.

अहवाल ईमेलवर पीडीएफ आला. आकडा मधल्या पट्ट्यात होता, माझ्या कॅप्सूलच्या बाटलीवरच्या दाव्यांपेक्षा बराच नम्र. खाली लहान अक्षरात लिहिलंय की मोजमाप पूर्ण रक्तावर केलं असून तांबड्या पेशींमधली टक्केवारी त्यावरून सूत्राने काढली आहे. हे प्रामाणिक आहे, पण पहिल्या पानावर हवं होतं. दुसऱ्या लॅबची पद्धत वेगळी असेल तर दोन आकडे शेजारी ठेवण्यात अर्थ नाही. पुन्हा करायची तर त्याच लॅबकडे, आणि तीन-चार महिन्यांनी. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, त्याआधी बदल नीट दिसत नाही.

खटकलेल्या गोष्टी. नोंदणीत दिवस आणि महिना यांची अदलाबदल होऊन माझी जन्मतारीख चुकीची छापली गेली. ईमेल केल्यावर दुरुस्त झाली, पण उत्तराला वाट पाहावी लागली. नमुना संशोधनासाठी वापरण्याच्या संमतीवर आधीच बरोबरची खूण होती, ती मी काढली. आणि अहवालाचं शेवटचं पान म्हणजे त्यांच्याच कॅप्सूलची जाहिरात. ज्याने मोजायचं त्यानेच विकायचं, हे मला पटत नाही.

पैसे भरण्याआधी मान्यतेकडे मी जास्त वेळ दिला. वैद्यकीय लॅबसाठी आयएसओ १५१८९ हे आंतरराष्ट्रीय मानक बघायचं. १७०२५ कोणत्याही चाचणी-लॅबला मिळतं. मान्यतेच्या यादीत आपली नेमकी तपासणी आहे का, तेही बघायचं, नुसत्या चिन्हावर जायचं नाही.

त्याच लॅबच्या यादीतलं बाकी सगळं मी घेणार नाही. होमोसिस्टीन या रक्तातल्या अमिनो आम्लाच्या तपासणीसाठी नळीत रक्त भरून पाठवा म्हणतात. रक्तातल्या पेशी लगेच वेगळ्या केल्या नाहीत तर त्या होमोसिस्टीन बाहेर सोडत राहतात आणि खोलीच्या तापमानाला आकडा तासागणिक साधारण १० टक्के चढतो; पेशी वेगळ्या करणारं सेंट्रिफ्यूज यंत्र घरी कोणाकडे आहे? कोणतं अन्न सोसत नाही हे आयजीजी प्रतिपिंडांवरून (अँटिबॉडी) सांगू पाहणारं अन्न-असहिष्णुतेचं पॅनेल तर स्वस्तात मिळालं तरी नको. युरोपातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या अकादमीने २००८ मध्येच आयजीजी४ (आयजीजीचाच एक उपप्रकार) चाचणी अशा निदानासाठी वापरू नये असं सांगितलंय.

पाचपैकी चार. दोन किटचा जोड घेतला तर सूट मिळते, पण कार्डाला वापराची मुदत असते. दुसरं किट कपाटात ठेवण्याआधी ती तारीख बघा.