सुनीतांची स्वस्त आवृत्ती: 116वं उघडून मग घ्या

ठाणे स्टेशनबाहेर आणि गोखले रोडला गाइडांच्या गठ्ठ्यांत शेक्सपिअरच्या 154 सुनीतांची (सॉनेट, सहसा 14 ओळींची कविता) टिपांसह एक आवृत्ती मिळते. किंमत 150 रुपयांच्या आत. टी.वाय.च्या परीक्षेसाठी 116व्याचं सुटं झेरॉक्स घेण्यापेक्षा ही केव्हाही बरी, कारण शेजारची सुनीतं सोबत येतात.

एरवी 116वं म्हणजे लग्नात वाचून दाखवायची कविता: प्रेम ढळत नाही, काळापुढे वाकत नाही. पण 115मध्ये कवी आपल्याच आधीच्या ओळी खोट्या ठरवतो आणि 117मध्ये मित्राची हेळसांड केल्याचे आरोप अंगावर घेतो. या दोहोंच्या मध्ये वाचलं की 116ची ग्वाही कमी नि वकिली जास्त वाटते. 1 ते 126 हा गट तरुण मित्राला उद्देशून आहे असं सहसा मानतात. टिपांत हे एका वाक्यात उरकलंय; तिथे पानभर खर्ची घालायला हवं होतं.

116च्या वृत्ताची टीप अर्धवट आहे. ‘ओळीत 10 अक्षरं’ म्हणून मोकळे झालेत, पण 6वी आणि 8वी ओळ 11ची आहे. शेवटचं अक्षर आघाताविना, म्हणजे उच्चारात जोर न येता, लोंबतं. शार्दूलविक्रीडिताची 19 अक्षरं लघु-गुरूसकट मोजायची सवय असलेल्याला इथे आपलंच चुकलं असं वाटेल. मोजायचे ते पाच आघात. ‘लव्ह’ आणि ‘रिमूव्ह’ यांचं यमक आज जुळत नाही, त्या काळच्या उच्चारात बरंच जवळ होतं. याबद्दल अवाक्षर नाही.

सर्वांत मोठी चूक 10व्या ओळीत. तिथल्या ‘कंपस’चा अर्थ होकायंत्र दिलाय. वर 7व्या ओळीत तारा आणि भरकटलेलं जहाज असल्याने हात घसरला असणार, पण हा काळाच्या विळ्याचा आवाका आहे: गुलाबी गाल त्या टप्प्यात येतात, प्रेम येत नाही. पेनाने खोडा, नाहीतर पेपरात तेच उतरेल.

मजकूर दोन रकान्यांत कोंबलाय. लांब ओळी मोडतात, 14च्या 16 दिसतात आणि शेवटची यमकजोडी ओळखू येत नाही. ओळींना क्रमांक पेन्सिलीने घालून घ्या.

संहिता मात्र नीट तपासलेली आहे. 99व्यात 15 ओळी, 126व्यात 12, 145व्यात आखूड आठ अक्षरी ओळी. स्वस्त आवृत्त्या बहुधा इथेच गडबडतात. 1609च्या पहिल्या छपाईत 116वर चुकून 119 आकडा पडला होता, हेही नोंदवलंय.

बाइंडिंग नुसत्या गोंदाचं. ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत एका हाताने उघडी धरली की मधली पानं सुटतात. दुकानातच मधोमध उघडून पाहा आणि करकरली तर दुसरी प्रत मागा.