कार्बन लूक हवाय: व्हिनाइल रॅप, हायड्रो डिपिंग की खरा कार्बन?

बाइकच्या पार्टना कार्बन फायबरचा लूक द्यायचा तर तीन रस्ते आहेत. रेडियमवाल्याकडून व्हिनाइल लावून घ्या, पार्ट काढून हायड्रो डिपिंगला द्या, नाहीतर खऱ्या कार्बनचा पार्ट आणून बसवा. अख्ख्या गाडीला एकच उत्तर शोधाल तर पैसे वाया जातील. टाकीला जे शोभतं ते चेन कव्हरवर टिकेलच असं नाही. म्हणून आधी पार्ट ठरवा, मग पद्धत.

बहुतेकांनी व्हिनाइलपासूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे, कारण ते काढता येतं. मन बदललं, गाडी विकायची झाली, तर हळूहळू गरम करून सोलायचं आणि खाली कंपनीचा रंग शाबूत. मात्र आधी डेंटिंग-पेंटिंग झालेल्या पार्टवर ही खात्री नाही. तिथला रंग कच्चा असेल तर फिल्मबरोबर तोही निघून येतो.

दुकानात थ्रीडी, फोरडी, फाइव्हडी अशी नावं ऐकू येतात. ती फक्त दिसण्याची. थ्रीडीवर बोट फिरवलं तर कार्बनच्या धाग्यांसारख्या विणीचा खडबडीतपणा लागतो, फाइव्हडी वरून गुळगुळीत आणि चकचकीत असते. टिकाऊपणा ठरतो तो फिल्म कशी बनवली यावर. कॅलेंडर्ड फिल्म रोलरमधून दाबून बनते. तो ताण तिच्यात राहतो, त्यामुळे उन्हात ती आक्रसते आणि कडा उघड्या पडतात. कास्ट फिल्म द्रव स्वरूपात पसरवून सुकवलेली असते. ती वळणावर बसते आणि बसलेली राहते. थ्रीएमची २०८० मालिका किंवा एव्हरी डेनिसनची सुप्रीम रॅपिंग फिल्म कास्ट प्रकारातली आहे. मीटरवर मिळणारी स्वस्त, बिननावाची शीट बहुधा कॅलेंडर्ड निघते. एका मडगार्डपुरता दोन्हींच्या किमतीतला फरक परवडण्यासारखा असतो, तिथे काटकसर करू नका.

टेल पॅनेल, साइड पॅनेल, हेडलाइट काउल, मडगार्डचा वरचा भाग हे व्हिनाइलचे हक्काचे पार्ट. टाकी अवघड. रॉयल एनफिल्डसारखी गोलाईची टाकी दोन दिशांनी वळते. फिल्म ताणली की विणीचे चौकोन लांबट होतात आणि नकलीपणा लांबूनच कळतो. अशा टाकीवर मधून एक पट्टा घ्या, पूर्ण रॅपपेक्षा तो कितीतरी देखणा दिसतो. झाकणाच्या कडेपर्यंत मात्र तो नेऊ नका. पंपावर सांडलेलं पेट्रोल कडेतून आत शिरलं की गोंद सुटतो.

काही ठिकाणी व्हिनाइल नकोच. सायलेन्सर, त्याची हीट शील्ड, इंजिनचं कव्हर इथे व्हिनाइल, म्हणजे पीव्हीसी प्लास्टिकची फिल्म, तापून मऊ पडते, सुरकुतते. बाइकवर जे काळं, रंग न दिलेलं, दाणेदार प्लास्टिक असतं त्यावरही गोंद नीट धरत नाही. आज चिकटलेलं दिसतं, पावसाळ्यात कडा उचलतात. रिमवर किंवा हँडलवर लावलं तर खालची चीर झाकली जाते. ती दिसत राहणं तुमच्या जिवासाठी गरजेचं आहे.

हायड्रो डिपिंगमध्ये पाण्यात विरघळणारी छापील पीव्हीए फिल्म पाण्यावर तरंगत ठेवतात, तिच्यावर नक्षीची शाई मऊ करणारं रसायन (ॲक्टिव्हेटर) फवारतात आणि पार्ट हळूच त्यात बुडवतात. नक्षी पार्टभर बसते, वरून क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक लेप. आरशांचे कव्हर, चेन कव्हर, खाचाखोचांचे पार्ट यांसाठी मी हेच निवडेन, कारण उचलायला कडाच उरत नाही. पण पार्ट उतरवावा लागतो, आणि परत मूळ रंग हवा असेल तर घासून नवा रंगच मारावा लागतो. क्लिअर कोट हलका असेल तर उन्हात काम लवकर फिकं पडतं. कारागिराचं जुनं काम, उन्हात वर्षभर फिरलेलं, बघून मगच पार्ट हाती द्या.

खरा कार्बन सुंदर असतो, त्याच्या विणीवर प्रकाश सरकतो तशी खोली कुठल्याही छपाईला येत नाही. पण वजन वाचेल म्हणून घेत असाल तर थांबा. कार्बन कंपोझिटची (कार्बनचे धागे आणि त्यांना धरून ठेवणारं रेझिन) घनता बाइकच्या नेहमीच्या एबीएस प्लास्टिकपेक्षा जास्तच असते. त्याचा फायदा ताठपणात आहे, म्हणून पार्ट पातळ करता येतो. एका छोट्या पॅनेलमागे वाचणारं वजन रस्त्यावर जाणवत नाही. त्यातही स्वस्तात मिळणारे बरेच ‘कार्बन’ पार्ट म्हणजे फायबरग्लासवर कार्बनचा एक थर. आतली बाजू बघितली की कळतं. शिवाय वरच्या लेपात यूव्ही संरक्षण नसेल तर रेझिन पिवळं पडतं.

व्हिनाइल ठरलंच तर लावणाऱ्याकडून दोन गोष्टी करून घ्या: आयसोप्रोपिल अल्कोहोलने पार्ट पुसणं, आणि शेवटी ताणलेल्या कडांना हीट गनने पुन्हा नीट गरम करणं. दुसरी पायरी घाईत वगळली जाते आणि फिल्म सुटते ती तिथूनच. आडव्या भागांना फिल्मच्या कंपन्यादेखील उभ्या भागांपेक्षा कमी वॉरंटीची मुदत देतात, त्यामुळे गाडी दिवसभर उन्हात उभी राहत असेल तर टाकीवरचा पट्टा आधी बदलावा लागेल हे धरून चला. वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा नोझल कडेवर तिरका मारू देऊ नका.

एक-दोन पार्टनी आरसीवरचा रंग बदलत नाही. पूर्ण गाडीच रॅप करून रंग बदलणार असाल, तर काम देण्याआधी आरटीओत चौकशी करा.