किनाऱ्याची राखण: अर्नाळा की कमोर्ता?

दोन्ही भारतीय नौदलाच्या, पाणबुड्या शोधणाऱ्या युद्धनौका; दोन्ही देशी बांधणीच्या. वेगही दोघींचा 25 नॉट्स (ताशी सुमारे 46 किमी), म्हणजे निवड तिथे होत नाही; ती होते पाण्याच्या खोलीवर.

वसईजवळच्या किल्ल्याचं नाव मिरवणारी ‘अर्नाळा’ (2025) सुमारे 78 मीटर लांब, पाण्याखाली जेमतेम 2.7 मीटर. पाणी आत ओढून मागे झोत फेकणाऱ्या वॉटरजेटमुळे खाली लोंबणारा पंखा नाही. मात्र जाळ्याचे तुकडे आत ओढले गेले की जोर घटतो, आणि मंद वेगात इंधन जास्त जातं.

‘कमोर्ता’ (2014) 109 मीटरची. इंजिनांचा आवाज दाबलेला, शिवाय हेलिकॉप्टर. उथळ पाण्यात सोनारचा (ध्वनीने पाण्याखालचं शोधणाऱ्या यंत्राचा) ध्वनी तळावर आपटून घुमतो, तेव्हा वरून शोधणारं हेलिकॉप्टर मोलाचं.

बंदराच्या तोंडाशी रोजची गस्त असेल तर अर्नाळाच. ताफ्यासोबत खोल समुद्रात कमोर्ता.