विल्निअसच्या नावाची कथा: वडोदऱ्यातलं चित्र-व्याख्यान

मांडवीजवळच्या वाचनालयातलं हे व्याख्यान जरूर ऐका. विल्निअस ही लिथुआनियाची राजधानी, आणि गेदिमिनास हा तिथला जुना राजा. त्याचं स्वप्न सुरेख रंगवलंय: टेकडीवर लोखंडी लांडगा, त्याच्या पोटात शंभर लांडग्यांचा आवाज, आणि लिझदेइका पुरोहितानं लावलेला अर्थ, इथे राजधानी वसव. गडबड पुढे होते. लांडग्यावरूनच नाव पडलं असा श्रोत्यांचा समज होतो आणि वक्ते तो वेळेवर खोडत नाहीत. नाव विल्निया नदीचं. मुळाशी लिथुआनियन 'विल्निस', म्हणजे लाट. लांडग्याला 'विल्कास' म्हणतात. शिवाय कथा 16व्या शतकातल्या बखरींतली, तर शहराचा पहिला लेखी उल्लेख 1323 मधल्या गेदिमिनासच्या लॅटिन पत्रांत. तीच पत्रं पडद्यावर क्षणभर दिसतात, हे फार खटकतं. नकाशावरची अक्षरं बारीक आहेत, पुढे बसा.